टायरोसिन हायड्रॉक्सिलेज आधी वाढलं, मग घटलं: यात खरं नियमन कुठलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हालाही कळेल. तुम्ही पीसी१२ पेशींना (अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींना) नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतापेशींना वाढवणारं एनजीएफ हे प्रथिन देता. अर्ध्या तासात टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमची (ते डोपा, म्हणजे डोपामाइनच्या आधीचा रेणू बनवतं) क्रियाशीलता वाढलेली दिसते. आठवडाभर एनजीएफ चालू ठेवलं, पेशींना लांब तंतू फुटले, की तीच क्रियाशीलता दर मिलिग्रॅम प्रथिनामागे सुरुवातीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत, पट्टीही फिकट होते. तुमचे गाईड म्हणतात, जीन बंद पडतंय, क्यूपीसीआर लावा, म्हणजे त्या जीनचं आरएनए मोजा. आणि तुम्ही तर वाचलंय की एनजीएफमुळे सिंपथेटिक (आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेतल्या) चेतापेशींत हे एन्झाइम वाढतं. मग एनजीएफ या एन्झाइमला चालना देतं की आवर घालतं, हा तुमचा सवाल.

क्यूपीसीआर लावण्याआधी थोडं थांबा. तुमच्यासमोर एक कोडं नाही, तीन आहेत, आणि ती एकमेकांत गुंतल्यामुळे एनजीएफ उलटसुलट वागतंय असं वाटतंय. अर्ध्या तासातली वाढ हा एन्झाइमच्या रेणूत झालेला बदल आहे. आठवड्याची घट हा बहुतेक करून एन्झाइमचा बदलच नाही. तुम्ही ज्या आकड्याने भागताय तो आकडा बदललाय. आणि तुम्ही वाचलेली वाढ ही प्राण्याच्या गँग्लियामधली, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांमधली आहे, तिथल्या पेशींची सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. विकसित होणाऱ्या चेतापेशीत एन्झाइमचं नियमन कसं होतं हे विचारताना पहिल्यांदा हे तीन धागे सुटे करावे लागतात. मी दुसऱ्या धाग्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी १९७६ साली पीसी१२ ही पेशीमालिका जगासमोर आणली, तेव्हाच त्यांनी हे मोजून ठेवलंय. एनजीएफ दिल्यावर कॅटेकोलामाइनं (डोपामाइनसारखी रसायनं) आणि ती बनवणारी एन्झाइमं दर पेशीमागे बदलत नाहीत, पण दर मिलिग्रॅम प्रथिनामागे ४ ते ६ पटींनी कमी होतात. तुमचा आकडा नेमका याच पट्ट्यात बसतो. म्हणजे तुमचा प्रयोग बिघडलेला नाही, उलट नीट जमलाय. फक्त त्याचा अर्थ लावताना भाजकाकडे दुर्लक्ष झालंय.

हिशोब करून बघू. आकडे सोयीसाठी घेतलेत. समजा सुरुवातीला दहा लाख पेशींत ०.१ मिलिग्रॅम प्रथिन होतं आणि त्यात एन्झाइमची १०० एककं होती. मिलिग्रॅममागे झाली १०००. आठवड्याने त्याच दहा लाख पेशी फुगल्या, तंतू फुटले, त्या तंतूंसाठी ट्यूब्युलिन आलं, अ‍ॅक्टिन आलं, पटलातली प्रथिनं आली, आणि एकूण प्रथिन झालं ०.५ मिलिग्रॅम. एन्झाइम अजूनही १०० एककंच. मिलिग्रॅममागे झाली २००. पाचपट घट, आणि एन्झाइमचा एकही रेणू कमी झालेला नाही. वर्गात मुलं पाचपट झाली म्हणून शिक्षक कमी झाले असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

आता ब्लॉटची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की ब्लॉटनेही तेच दाखवलं, म्हणून तुमची खात्री पटली. पण ब्लॉटला तुम्ही दर लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलं होतं. म्हणजे भाजक तोच. दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देताहेत असं दिसतं, पण दोघांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. त्यात लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखंच असेल असं धरलेलं प्रथिन) म्हणून ट्यूब्युलिन किंवा अ‍ॅक्टिन घेतलं असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तंतू फुटणाऱ्या पेशीत नेमकी हीच प्रथिनं वाढत असतात. वाढत्या चेतापेशींत 'न बदलणारं' प्रथिन शोधणं हे मोठं अवघड काम आहे, आणि नेहमीच्या कामात ते टाळता येतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना पेशीकेंद्रकं मोजायला सांगते. पीसी१२ पेशी गुठळ्या करून बसतात, त्यामुळे अख्ख्या पेशी मोजणं कठीण जातं. डिटर्जंटने पेशीपटल विरघळवून सुटी केंद्रकं हिमोसायटोमीटरवर मोजली की आकडा स्वच्छ मिळतो. किंवा लायसेटचा, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवाचा एक छोटा हिस्सा बाजूला काढून त्यातलं डीएनए मोजा. एनजीएफ न दिलेल्या प्लेटमधल्या पेशी आठवडाभर विभागत राहतात आणि दिलेल्या प्लेटमधल्या थांबतात, हेही लक्षात ठेवा. प्लेटमागे आकडा काढलात तर त्याचीही वेगळीच फसगत होईल.

हे सगळे नियम डोळे झाकून लावायचे नाहीत. तुमचा प्रश्न जर 'पेशीच्या एकूण बांधणीत या एन्झाइमचा वाटा किती' असा असेल, तर मिलिग्रॅममागचा आकडाच बरोबर. 'पेशी दर तासाला किती डोपा बनवू शकते' असा असेल तर पेशीमागचा आकडा हवा. प्रश्न ठरला की भाजक आपोआप ठरतो. मेंदूतून थेट घेतलेल्या चेतापेशींच्या मिश्र कल्चरमध्ये तर पेशीमागचा आकडाही पुरत नाही, कारण तिथे ग्लिया पेशी (चेतापेशींच्या आधारपेशी) वाढत असतात आणि डीएनए त्यांचंही मोजलं जातं. तिथे सायटोसिन अरॅबिनोसाइड देऊन विभागणाऱ्या पेशी आवरतात आणि वर चेतापेशींचा वेगळा खुणा-रंग लावून मोजतात. तुमच्याकडे शुद्ध पेशीमालिका आहे, तेव्हा ती कटकट तुम्हाला नाही.

आता पहिला धागा, अर्ध्या तासातली वाढ. इथे जीनचा संबंध नाही हे वेळच सांगतो. जीन चालू व्हायचं, आरएनए बाहेर यायचं, त्यावरून प्रथिन बनायचं, त्याचे चार उपघटक जुळायचे, आणि आधीपासून पेशीत असलेल्या भरपूर साठ्यावर उठून दिसेल इतकं ते जमायचं, हे अर्ध्या तासात होत नाही. एवढ्या वेळात बदलतं ते आधीच बनलेलं एन्झाइम.

टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, यापुढे टीएच म्हणते, टायरोसिनपासून डोपा बनवतं. कॅटेकोलामाइन बनण्याच्या वाटेवरची सगळ्यात मंद पायरी ही, त्यामुळे पेशीने लगाम इथेच ठेवलाय. त्याला लोह लागतं, ऑक्सिजन लागतो आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा को-फॅक्टर, म्हणजे मदतनीस रेणू लागतो. त्याच्या टोकाकडच्या नियामक भागात काही सेरिन (हे एक अमिनो आम्ल; पुढचा आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली त्याची जागा) आहेत, त्यांतली तीन तुम्हाला पाठ हवीत: १९, ३१ आणि ४०. सेरिन ४० वर फॉस्फेट बसवण्याचं मुख्य काम प्रोटीन कायनेज ए (कायनेज म्हणजे फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) करतं, सेरिन १९ वर कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनवर चालणारं कायनेज, आणि सेरिन ३१ वर ईआरके नावाचं कायनेज. एनजीएफ दिल्यावर ईआरके मिनिटांत जागं होतं, त्यामुळे तुमच्या अर्ध्या तासाच्या वाढीत पहिला संशयित सेरिन ३१. पण सेरिन ३१ चा थेट परिणाम माफकच असतो. त्याचं महत्त्व असं की तिथे फॉस्फेट बसलं की सेरिन ४० वर फॉस्फेट बसणं सोपं होतं. म्हणून दोन्ही जागांच्या फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट बसलेलीच जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडी) लावा, एकीवर भागवू नका.

सेरिन ४० इतकं महत्त्वाचं का, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्या नियमनाचं मर्म तिथे आहे. टीएचच्या वाटेवर पुढे बनणारं डोपामाइन परत येऊन टीएचच्याच लोहाला धरून बसतं. को-फॅक्टरला जागा मिळत नाही आणि एन्झाइम ठप्प होतं. ही पकड इतकी घट्ट असते की अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून शुद्ध केलेलं टीएच निळसर-हिरवट दिसतं. तो रंग लोहाला चिकटलेल्या कॅटेकोलामाइनचा. म्हणजे निवांत पेशीतलं बरंचसं टीएच हजर असतं पण कामावर नसतं. सेरिन ४० वर फॉस्फेट बसलं की डोपामाइनची ही पकड कित्येक पटींनी ढिली होते आणि अडकलेला रेणू मोकळा होतो. प्रथिन तेवढंच, काम जास्त. ब्लॉटवर एकूण टीएचची पट्टी बघून हे कधीच कळणार नाही.

यातून चाचणीबद्दल एक गोष्ट निघते आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. टीएचची चाचणी बहुतेक ठिकाणी सामू (पीएच) ६ च्या आसपास आणि को-फॅक्टर भरपूर ओतून करतात, कारण तिथे आकडा मोठा येतो. पण को-फॅक्टर भरपूर असला की डोपामाइनची स्पर्धाच संपते, आणि फॉस्फेट बसलेलं-न बसलेलं सगळं एन्झाइम सारखंच धावतं. तुम्ही मोजता ती कमाल क्षमता, म्हणजे साधारणपणे एन्झाइम किती आहे ते. पेशीत मात्र सामू ७ च्या जवळ असतो आणि को-फॅक्टर बेताचाच. फॉस्फोरिलेशनचा (फॉस्फेट बसण्याचा) फरक तिथे उठून दिसतो. म्हणून प्रत्येक लायसेटची चाचणी दोन प्रकारे करा: एकदा सामू ६ आणि भरपूर को-फॅक्टर, एकदा सामू ७ च्या आसपास आणि को-फॅक्टर मुद्दाम तोकडा. पहिला आकडा साठा सांगतो, दुसरा त्या साठ्याची अवस्था. दोघांचं गुणोत्तर हा माझा सगळ्यात आवडता आकडा आहे, कारण त्यात भाजकाचं भांडण उरतच नाही: मिलिग्रॅमही कटतो, पेशीही कटते. तुमच्या अर्ध्या तासाच्या नमुन्यात हे गुणोत्तर चढलेलं दिसायला हवं. आठवड्याच्या नमुन्यात ते कुठे आहे, हे मला खरोखर बघायला आवडेल.

अर्थात लायसेट करताना ती अवस्था टिकली तर. पेशी फुटली की फॉस्फेट काढणारी एन्झाइमं मोकाट सुटतात, आणि टीएचच्या बाबतीत त्यांतलं मुख्य आहे पीपी२ए. अनेक जण बफरमध्ये फक्त सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात आणि निश्चिंत होतात. ते टायरोसिनवरची फॉस्फेटं वाचवतं, सेरिनवरची नाही. सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला, सगळं बर्फावर ठेवा, आणि प्लेट उचलल्यापासून लायसिस होईपर्यंतचा वेळ सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा. चाचणीत कॅटालेज आणि लोह घालायला विसरू नका. तयार होणारं पेरॉक्साइड एन्झाइम मारतं आणि वेळेबरोबर सरळ रेषा येत नाही. सरळ रेषा आली नाही तर तो आकडा वापरूच नका.

आणखी एक खबरदारी, जी लहान वाटते पण अर्ध्या तासाच्या प्रयोगात तिच्यामुळे निकाल फिरतो. ताजं सीरम घातलेलं माध्यम बदललं तरी ईआरके जागं होतं. त्यामुळे कंट्रोल प्लेटचं माध्यम बदललं नाही आणि एनजीएफची प्लेट मात्र ताज्या माध्यमात ठेवली, तर तुम्ही एनजीएफचा परिणाम मोजताय की सीरमचा, हे सांगता येणार नाही. काही तास आधी सीरम कमी करून ठेवा, आणि कंट्रोलला तोच हात, तीच प्लेट, तीच हालचाल, फक्त एनजीएफशिवाय. सीरममध्ये स्टेरॉइडंही असतात, आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडं टीएचचं जीन वाढवतात. आठवडाभराच्या प्रयोगात सीरमची बाटली मध्येच बदलली तर हा आणखी एक लपलेला फरक शिरतो.

पेशी न फोडता मोजायची सोय असेल तर ती सोडू नका. डोपाचं डोपामाइन करणाऱ्या पुढच्या एन्झाइमला एनएसडी-१०१५ देऊन अडवायचं, मग ठरावीक वेळात पेशींत साठलेलं डोपा एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचं. इथे को-फॅक्टर पेशीचाच, सामू पेशीचाच, डोपामाइनचा अडथळाही पेशीचाच. लायसेटमधल्या चाचणीत आपण ज्या गोष्टी पातळ करून टाकतो त्या सगळ्या इथे जागेवर असतात. माझ्या अनुभवात लायसेट आणि जिवंत पेशी यांचे आकडे जुळले नाहीत तर त्या फरकातच उत्तर दडलेलं असतं. दोघांपैकी एकाला चूक ठरवायची घाई करू नये.

इथवरचं एका दमात: आठवड्याची घट तपासायला केंद्रकं मोजा, अर्ध्या तासाची वाढ तपासायला सेरिन ३१ आणि ४० बघा आणि तोकड्या को-फॅक्टरवर मोजा.

आता मधला काळ. अर्धा तास आणि आठवडा यांच्यामध्ये पेशी चेतापेशीचं रूप घेत असते, आणि तुमच्या विषयाचा, म्हणजे विकसित होणाऱ्या चेतापेशीतल्या नियमनाचा, सगळ्यात सुंदर भाग तिथे आहे. पीसी१२ ला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर दिला तर ईआरके झटकन चढतं आणि झटकन उतरतं. पेशी विभागत राहतात. एनजीएफ दिलं तर तेच ईआरके तासन् तास चढून राहतं. पेशी विभागणं थांबवून तंतू काढतात. एन्झाइम एकच, पण ते किती वेळ चालू राहिलं यावर पेशीचं भवितव्य ठरतं. टिकून राहिलेल्या ईआरकेमुळे ईजीआर१ हा ट्रान्सक्रिप्शन घटक (जीन चालू-बंद करणारं प्रथिन) टिकून राहतो, आणि त्याच्यामुळे पी३५ नावाचं प्रथिन बनायला लागतं. पी३५ म्हणजे सीडीके५ या कायनेजचा जोडीदार.

सीडीके५ नावाने पेशीचक्रातल्या कायनेजांच्या घराण्यातलं आहे, पण पेशीचक्र चालवणं हे त्याचं काम नाही. त्याचं प्रथिन अनेक ऊतींमध्ये सापडतं. क्रियाशीलता मात्र मुख्यतः चेतापेशींत. कारण ते एकटं निष्क्रिय असतं. पी३५ किंवा पी३९ जोडीला आलं तरच ते चालतं, आणि हे जोडीदार प्रामुख्याने चेतापेशी बनवतात. म्हणजे सीडीके५ चं प्रमाण मोजून काहीच कळत नाही; जोडीदार किती आहे ते बघावं लागतं. आणि जोडीदार टिकतो किती? पी३५ चं अर्धआयुष्य २० ते ३० मिनिटांचं. प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) त्याला सतत मोडत असतो. त्यातही गंमत अशी की सीडीके५ स्वतःच पी३५ वर फॉस्फेट बसवतं आणि त्यामुळे ते लवकर मोडलं जातं. चालू झालेलं कायनेज आपलाच आधार काढून घेतं. पेशीने पी३५ बनवणं थांबवलं की तासाभरात सीडीके५ गप्प. विकासाच्या काळात असं एन्झाइम फार उपयोगी पडतं, कारण बाहेरचा संकेत बदलला की आतलं कामही लगेच बदलतं.

हे किती गरजेचं आहे ते माऊसमध्ये दिसलं. १९९६ साली सीडीके५ चं जीन काढलेली माऊस जन्माच्या सुमारास मरतात असं आढळलं. त्यांच्या मेंदूच्या बाह्यकातले थर विस्कटलेले होते. पुढच्या वर्षी पी३५ काढलेली माऊस तयार झाली. ती जगली, पण बाह्यकाचे थर उलटे लागले आणि त्यांना झटके येत. कायनेज काढलं तर मृत्यू, एक जोडीदार काढला तर जगणं शक्य. कारण पी३९ काही भार उचलतं. कॅल्पेन या प्रोटिएजने (प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने) पी३५ चा तुकडा पाडला की उरतं पी२५. त्याच्याकडे पटलाला धरून ठेवणारं टोक नसतं आणि ते लवकर मोडतही नाही. सीडीके५ मग चुकीच्या जागी, जास्त वेळ चालत राहतं, आणि हे चेतापेशीला घातक ठरू शकतं. तेव्हा 'क्रियाशीलता वाढली' एवढं वाक्य पुरेसं नसतं. कुठे वाढली, किती वेळ वाढली, कोणाच्या सोबतीने वाढली, हे त्यात यायला हवं.

आणि हे सगळं तुमच्या टीएचकडे परत येतं. सीडीके५ ही टीएचच्या सेरिन ३१ वर फॉस्फेट बसवतं, आणि त्याचा संबंध टीएच प्रथिन किती टिकतं याच्याशी जोडला गेलाय. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात ज्या सेरिनवर ईआरके काम करतं, त्याच सेरिनवर काही दिवसांनी सीडीके५ येऊ शकतं, आणि सीडीके५ ला तिथे आणणारी साखळी सुरू झाली ईआरकेपासूनच. तुमच्या आठवड्याच्या नमुन्यात सेरिन ३१ वरचं फॉस्फेट दिसलं, तर ते पहिल्या दिवसाचंच टिकून आहे असं समजू नका. तपासायला, ईआरकेला जागं करणाऱ्या एमईके या कायनेजला अडवणारं यू०१२६ हे औषध शेवटचे काही तास द्या. फॉस्फेट हटलं नाही तर ईआरके सोडून दुसरं कुणीतरी तिथे काम करतंय. सीडीके५ अडवणाऱ्या रोस्कोव्हिटिनवर मात्र भिस्त ठेवू नका. ते पेशीचक्रातल्या सीडीके२ लाही अडवतं, आणि एनजीएफ नसलेल्या तुमच्या पेशी तर विभागताहेत, म्हणजे दोन प्लेटांमध्ये औषधाचा अर्थच वेगळा होतो. पी३५ ला एसआयआरएनए (त्याचं आरएनए मोडायला लावणारं छोटं आरएनए) लावणं जास्त स्वच्छ.

तिसरा धागा, प्राण्यातली वाढ. तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. १९७१ साली ठोएनेन, आंजेलेट्टी, लेवी-मोन्ताल्चिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एनजीएफ दिल्यावर रॅटच्या वरच्या मानेच्या सिंपथेटिक गँग्लियात टीएच निवडकपणे वाढतं. मग पीसी१२ मध्ये दर पेशीमागे ते जागचं का हलत नाही? मला यात विरोध दिसत नाही. पीसी१२ ही अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातल्या गाठीतून आलेली पेशी. तिच्यात ही एन्झाइमं सुरुवातीपासूनच अधिवृक्क ग्रंथीइतकी किंवा त्याहून जास्त असतात. जिथे भांडं भरलेलंच आहे तिथे आणखी काय ओतणार. नवजात प्राण्याची सिंपथेटिक चेतापेशी मात्र जगण्यासाठीच एनजीएफवर अवलंबून असते, आणि तिचं टीएच अजून वाढीला लागायचं असतं.

शिवाय प्राण्यात एनजीएफ एकटं नसतं. त्याच १९७१ साली ब्लॅक, हेंड्री आणि आयव्हरसन यांनी नवजात माऊसच्या याच गँग्लियाकडे येणारी चेता कापली, आणि टीएचची वाढत्या वयाबरोबर होणारी वाढ थांबली. वरून येणारी चेता जोडली गेली, तिने संदेश दिले, तर पुढच्या पेशीचं एन्झाइम प्रौढ होतं. खालून, म्हणजे ज्या अवयवाशी पेशी जोडली जाते तिथूनही हुकूम येतात. रॅटच्या तळव्यातल्या घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या सिंपथेटिक चेतापेशी आधी नॉरअ‍ॅड्रिनॅलिनवाल्या असतात. ग्रंथीशी गाठ पडल्यावर त्या अ‍ॅसिटिलकोलिन बनवू लागतात. टीएच मागे पडतं, अ‍ॅसिटिलकोलिन बनवणारं कोलिन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज पुढे येतं. तुमच्या प्लेटमध्ये ना वरची चेता आहे ना खालची ग्रंथी. त्यामुळे प्लेटमधून 'एनजीएफ काय करू शकतं' एवढंच कळतं. विकासात प्रत्यक्ष काय घडतं ते कळायला प्राण्याकडेच जावं लागतं.

एक इशारा. टीएचचं शिकून ते सगळ्या एन्झाइमांना लावू नका; प्रत्येकाचा लगाम वेगळ्या जागी असतो. पायरुव्हेट कायनेज या साखर मोडण्याच्या वाटेवरच्या एन्झाइममध्ये विभागणारी पूर्वज पेशी पीकेएम२ वापरते, जे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटच्या असण्या-नसण्याने चालू-बंद होऊ शकतं. चेतापेशी झाली की त्याच जीनचं वेगळं कापलेलं रूप येतं, पीकेएम१, जे सतत चालू असतं. तिथे फॉस्फो-अँटिबॉडी घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. आरएनए कुठे कापलं गेलं ते बघावं लागेल. कॅल्मोड्युलिनवर चालणाऱ्या कायनेज २ मध्ये रॅटच्या मेंदूत सुरुवातीला बीटा उपघटकाचा जोर असतो आणि जन्मानंतरच्या आठवड्यांत अल्फा झपाट्याने वाढतं, म्हणजे बारा उपघटकांच्या त्या संकुलाची घडणच पालटते. जीएसके३ बीटा या कायनेजचं तर सगळं जागेवर आहे: सेरिन ९ वर फॉस्फेट बसून ते वाढत्या अ‍ॅक्सॉनच्या टोकाशी थंडावतं, आणि त्यामुळे तिथे सीआरएमपी२ हे प्रथिन ट्यूब्युलिन जोडायला मोकळं होतं. ही घटना एका टोकावरची. अख्ख्या प्लेटचं लायसेट केलं की ती सरासरीत बुडते. तिथे इम्युनोस्टेनिंग (अँटिबॉडीने पेशी रंगवणं) किंवा जिवंत पेशीतले, प्रकाशाने क्रियाशीलता दाखवणारे एफआरईटी सेन्सरच कामाला येतात.

तुमच्यापुरतं मी असं सुचवेन. ठेवलेल्या लायसेटांत डीएनए मोजता येतंय का बघा, बहुतेक येईल. जुनेच आकडे त्याने भागून परत मांडा, नव्या प्रयोगाची गरजही नाही. त्यात पेशीमागची घट नाहीशी झाली तर जीन बंद पडल्याचा प्रश्न मिटला. मग पुढच्या खेपेला वेळा घ्या: पाच मिनिटं, अर्धा तास, सहा तास, एक दिवस, तीन दिवस, एक आठवडा. प्रत्येक वेळेला तीन गोष्टी: दोन प्रकारची टीएच चाचणी, सेरिन ३१ व ४० वरचं फॉस्फेट एकूण टीएचच्या तुलनेत, आणि पी३५. एवढ्यावरून ईआरकेचा काळ कुठे संपतो आणि सीडीके५ चा कुठे सुरू होतो ते दिसू लागेल.

आणि डीएनएने भागूनही पेशीमागे घट राहिलीच, तर तुमचे गाईड म्हणतात ते खरं असू शकतं. मग क्यूपीसीआर जरूर लावा. फक्त तिथेही सारखंच आरएनए घेऊन सुरुवात करू नका. पेशी फुगली की एकूण आरएनएही वाढू शकतं, आणि संदर्भ जीन म्हणून बीटा-अ‍ॅक्टिन घेतलंत तर तंतू काढणाऱ्या पेशीत तेही जागचं हलू शकतं. लायसिसच्या वेळी पेशींच्या संख्येप्रमाणे ठरावीक प्रमाणात परकं आरएनए मिसळा आणि त्याच्याशी तुलना करा. जोडीला अ‍ॅक्टिनोमायसिन डी (नवं आरएनए बनणं थांबवणारं औषध) देऊन आरएनए किती वेगाने मोडतं तेही बघा, कारण टीएचचं आरएनए कमी दिसलं तर ते कमी बनतंय की लवकर मोडतंय, हे नुसत्या क्यूपीसीआरच्या आकड्यावरून सांगता येत नाही.